खोचलेल्या दूर्वा

मासिमा यायच्या आधी काम उरकायचं म्हणून शकुन उजाडतानाच हिरवळीच्या कोपऱ्यात, शिउलीच्या म्हणजे पारिजातकाच्या झाडाखाली, उकिडवी बसली आणि विकतच्या दूर्वा एकेक करून मातीत खोचू लागली. हातात विणकामाची सुई होती. सुईने भोक पाडायचं, दूर्वेची काडी आत सरकवायची, अंगठ्याने माती दाबायची. आदल्या संध्याकाळी तिने स्टेशनजवळच्या बाजारातून जुड्याच्या जुड्या उचलून आणल्या होत्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. तरी बऱ्याचशांनी माना टाकल्याच होत्या.

व्हरांड्यात श्रीकांत चहाचा कप घेऊन उभा होता. बायकोचे उद्योग बघण्यात निवृत्त माणसाचा वेळ बरा जातो.

"साठीला आलीस, शकुन," तो म्हणाला, "आणि बालवाडीतल्यासारखी बाग-बाग खेळतेयस."

"तुम्ही गप्प बसा. उभे आहात तर तो फवारा भरून आणा. या अगदीच मरगळल्यासारख्या दिसतायत."

श्रीकांत आत गेला, थोड्या वेळाने फवारा घेऊन आला. अजून नीट उजाडलं नव्हतं. शकुनने वर न बघताच तो हातात घेतला, दट्ट्या मारला आणि खोचलेल्या दूर्वांवर बारीक तुषार सोडले. पात्यांवर थेंब धरले. लांबून पाहिलं तर कोणालाही वाटलं असतं, इथे दूर्वा वर्षानुवर्षं उगवताहेत आणि त्यांच्यावर कार्तिकातलं दव पडलंय. शकुन मागे सरून उभी राहिली, मान वाकडी करून बघितलं, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती पुन्हा खाली बसली.

वर्षानुवर्षं दूर्वा तिथे उगवत होत्या, ही त्यातली खरी गंमत. फक्त कोपऱ्यात नव्हे, सगळ्या आवारभर.

श्रीकांतची सगळी नोकरी बँकेत गेली. बदल्या झाल्या, शेवटची बारा-पंधरा वर्षं कोलकात्यात, सॉल्ट लेकमधल्या बँकेच्या फ्लॅटमध्ये. चौथा मजला, बाल्कनीत चार कुंड्या. गणपती आले की शकुन पिशवी घेऊन मैदानाच्या कडेने फिरायची आणि कुत्र्यांनी न शिवलेली एखादी जागा शोधून दूर्वा खुडायची. ज्या बाईने आयुष्यभर देवासाठी परक्याच्या जागेतून गवत गोळा केलं, तिने बराकपूरचं हे बसकं जुनं घर आणि त्यापुढचं एवढं थोरलं हिरवं आवार बघितलं, तेव्हा खोल्या किती आहेत हेसुद्धा विचारलं नाही.

घर सुप्रभा गुहांचं. सगळे त्यांना मासिमा म्हणत, तशी शकुनही म्हणू लागली. ऐंशी ओलांडलेल्या, बुटक्या, पांढऱ्या साडीतल्या मासिमा मुलाकडे बेहालाला राहायला चालल्या होत्या. व्यवहाराचं सगळं मुलाने पाहिलं. मासिमांनी मात्र निघताना शकुनला एका बाजूला घेतलं आणि आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत एवढंच मागितलं, की दरवर्षी भाईफोंट्याच्या सकाळी मला इथे येऊ दे.

भाईफोंटा म्हणजे आपली भाऊबीजच. बहीण उपास करते, चंदनात दव मिसळून भावाच्या कपाळाला करंगळीने टिळा लावते आणि डोक्यावर धान नि दूर्वा ठेवते. मासिमांचा भाऊ तिथेच, गंगेच्या बाजूला राहत होता. त्याला त्या खोका म्हणत, म्हणजे बाळ. हे बाळ अठ्ठ्याहत्तर वर्षांचं होतं आणि दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून पलंगावरून उठलं नव्हतं. दोघं भावंडं याच गवतावर चालायला शिकली होती. "तो आता इथे येऊ शकत नाही," मासिमा म्हणाल्या, "म्हणून मी इथलं थोडंसं त्याच्याकडे घेऊन जाते. हात लावून बघतो. बाकी फारसं काही त्याला कळत नाही, पण हे कळतं."

"अहो, विचारायचं काय त्यात," शकुन म्हणाली होती. "घर तुमचंच आहे."

असं आपण सगळेच म्हणतो. म्हणताना डोळ्यांत पाणीही आलं होतं तिच्या, आणि ते खोटं नव्हतं.

पण मालकी अंगात भिनायला वेळ लागत नाही. पहिले दोन महिने ती अनवाणी फिरली. मग हळूहळू तिला दिसू लागलं, की आपली हिरवळ ओबडधोबड आहे. कुठे उंच, कुठे बसकी, मधेच मोथा, मधेच कसली तरी पिवळी फुलं. गवत कापायचं यंत्र आणलं आणि पहिल्याच दिवशी पातं इतकं खाली ठेवून फिरवलं, की मधोमध न्हाव्याने अर्धवट सोडलेल्या डोक्यासारखा पट्टा उठला. मग ती फोनवर व्हिडिओ बघायला लागली. त्यात सगळ्यांची हिरवळ गालिच्यासारखी होती. कँटोन्मेंटच्या बाजूला फिरायला गेलं की साहेबांच्या बंगल्यांपुढे तशीच दिसायची. जूनमध्ये तिने माणसं लावली. सगळं जुनं गवत मुळासकट उकरलं, मागच्या भिंतीपलीकडे नेऊन टाकलं, आणि नर्सरीतून आणलेल्या कार्पेट ग्रासच्या लाद्या एकाला एक जोडून अंथरल्या. मासिमांची आठवण तिला तेव्हा आली नाही असं नाही. आली होती. 'दूर्वा काय, कुठेही उगवतात' असं म्हणून तिने ती बाजूला सारली होती.

आणि दूर्वा उगवल्याच. श्रावणात लाद्यांच्या फटींतून डोकावल्या, भाद्रपदात चांगल्या हातभर धावल्या. गणपतीला शकुनने त्याच खुडल्या, एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधल्या आणि मराठी मंडळातल्या बायकांना दाखवत फिरली, घरच्या आहेत, घरच्या. तेव्हा सॉल्ट लेकची मानसी हिरवळीकडे बघत म्हणाली, "शकुनताई, लॉन छान आहे हो, पण त्यात गवत फार घुसलंय." सगळ्या हसल्या. शकुनही हसली. पण ते वाक्य तिच्या मनातून जाईना, कारण दिवाळीचा फराळ आपल्याकडे हिरवळीवर करू या असं तीच सगळ्यांना सांगून बसली होती.

तिने उपटून पाहिलं. उपटलेल्या जागी चार नव्या यायच्या. शेवटी बाजारातून तणनाशक आणलं, हिरव्या फवाऱ्यात कालवलं आणि श्रीकांत आंघोळीला गेला की एकेका दूर्वेवर नेम धरून मारलं. ज्या दूर्वा महिन्या-दीड महिन्यापूर्वी देवाच्या डोक्यावर वाहिल्या त्यांच्यावर आपण विष मारतोय, हे नवऱ्याला सांगायची तिची छाती झाली नाही. आठवड्याभरात दूर्वा मेल्या. त्यांच्याबरोबर भोवतालचं कार्पेटही मेलं आणि सगळ्या हिरवळीवर खरजेसारखे तपकिरी डाग उठले. रोग पडलाय, असं तिने श्रीकांतला सांगितलं. फराळाच्या दिवशी प्रत्येक डागावर एकेक खुर्ची मांडली. पाहुण्यांना वाटलं, बसायची ही काहीतरी नवी पद्धत असेल. कोणी एकमेकांशेजारी येत नव्हतं, चिवडा मागायलासुद्धा ओरडावं लागत होतं.

फराळ पार पडला, पाहुणे गेले, आणि फोन वाजला. मासिमांचा. येऊ ना परवा? दूर्वा आहेत ना?

तेव्हा खरं सांगता आलं असतं. शकुनच्या जिभेवर आलंही होतं. पण ती म्हणाली, "आहेत ना, मासिमा. भरपूर आहेत."

गाडी फाटकाशी थांबली तेव्हा ऊन अजून झाडांच्या वरच होतं. मासिमा एकट्याच उतरल्या. हातात काशाची छोटी वाटी, खांद्यावर धुतलेला मलमलचा रुमाल, उपासाने चेहरा ओढलेला. चपला त्यांनी फाटकातच काढल्या आणि हिरवळीवर पाय ठेवून थांबल्या. त्यांची नजर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. डागांवरूनही गेली.

"बदललंस सगळं," त्या म्हणाल्या.

"हो, ते जरा... छान दिसावं म्हणून."

"छान आहे. हॉटेलात असतं तसं आहे." बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच शकुनला ते जास्त लागलं. "दूर्वा कुठे आहेत, बौमा?" पहिल्या दिवसापासून त्या तिला बौमा, म्हणजे सूनबाई, म्हणत.

"तिकडे, शिउलीखाली. तुमच्यासाठी मुद्दाम राखून ठेवलाय तो कोपरा."

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण खोटं बोलायला लागलेलं माणूस थांबत नाही, वर गोडही बोलून जातं. मासिमांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी शकुनच्या गालाला हात लावला आणि ती बोटं आपल्या ओठांना लावली. शकुनला वाटलं, हिरवळ दुभंगून आत घेईल तर बरं.

गुडघ्यांवर हात टेकत मासिमा खाली बसल्या. पहिली दूर्वा त्यांनी चिमटीत धरली आणि खुडायला नख लावलं, तर ती अख्खी काडीच वर आली. खाली मूळ नव्हतं. त्यांनी ती बघितली. दुसरी ओढली. तीही तशीच आली, आणि तिच्या बुडाशी जुडी बांधायचा पांढरा दोरा लोंबत होता. शकुनने सगळे दोरे सोडले होते. हा एक राहिला होता.

मासिमांनी दोरा सोडवला, बोटाला गुंडाळला आणि बाजूला ठेवला. तिसरी दूर्वा त्यांनी अगदी हलक्या हाताने घेतली, नख न लावता. जिला मूळच नाही तिला खुडायचं काय.

शकुनचे कान तापले. आता काहीतरी म्हणतील, असं वाटत होतं तोवर बरं होतं. त्या काहीच म्हणत नाहीत हे कळल्यावर कुठे बघावं ते तिला सुचेना. तिने शिउलीची पडलेली फुलं उगाचच गोळा करायला घेतली. मासिमांनी मलमलचा रुमाल दूर्वांवरून फिरवला, ओला झाला तसा वाटीत पिळला, पुन्हा फिरवला. वाटीच्या तळाशी पाणी जमलं. कपाळाला लागायला किती लागतं.

तेवढ्यात श्रीकांत मिठाईचा डबा घेऊन आला. मासिमांना नमस्कार केला आणि बायकोशेजारी उभा राहून मराठीत, म्हणजे मोकळ्या आवाजात म्हणाला, "बघ, माझ्या फवाऱ्याची कमाल. दव म्हणून खपलं की नाही?"

"हळू बोला."

"त्यांना कुठे कळतंय. तो निळा फवारा काही सापडला नाही मला. हिरवा वॉशिंग मशीनच्या मागे पडला होता, तोच भरला. तळाशी थोडं पाणी होतंच, त्यात वरून टाकलं."

शकुनच्या ओंजळीतली फुलं खाली पडली.

हिरव्या फवाऱ्यात काय होतं ते जगात तिला एकटीला माहीत होतं. श्रीकांतला माहीत नव्हतं, कारण तिने सांगितलं नव्हतं. मासिमांना मराठी कळत नव्हतं. ती गप्प बसली असती तर हे कधीही, कोणालाही कळलं नसतं. आणि सांगायला लाज वाटते, पण ती गप्प बसली. मनात हिशेब करत बसली, की तळाशी होतं ते कितीसं असणार, त्यात एवढं पाणी पडलं, त्यातले चार थेंब रुमालात, त्यातला एक चंदनात. एवढ्याने काय होतंय. बाटलीवर कवटीचं चित्र होतं का? ते तिला आठवेना. हातमोजे घाला, असं लिहिलेलं मात्र आठवलं.

मासिमा उठल्या. श्रीकांतने हात दिला. वाटीवर रुमाल झाकून त्या सावकाश फाटकाकडे निघाल्या, चपला घातल्या, गाडीत बसल्या. काच खाली करून म्हणाल्या, "येते, बौमा. खोका वाट बघत असेल. आज सकाळी त्याला बसतं करणार आहेत."

गाडी सुरू झाली. आणि शकुनला तो म्हातारा दिसला. कधी पाहिलेला नव्हता तरी दिसला. उशांना टेकवलेला, डोळे मिटून कपाळ पुढे केलेला, बहिणीची करंगळी टेकायची वाट बघणारा. दूर्वा हातात दिल्यावर तो हात लावून बघणार. नंतर तोच हात तोंडाला लावणार.

ती अनवाणी रस्त्यावर धावली. पदर सुटला होता. बोनेटवर हात आपटला तेव्हा ड्रायव्हर तिच्यावर खेकसला.

"मासिमा, ते लावू नका."

"काय झालं?"

"ते पाणी. दव नाहीये ते. त्यात औषध आहे."

मासिमांनी वाटीकडे पाहिलं. "कसलं औषध?"

"गवतावर मारायचं."

"गवताला काय झालं होतं?"

"काही नाही." शकुनला श्वास पुरेना. "मारायचं होतं. मरावं म्हणून."

"कुठलं गवत?"

प्रत्येक प्रश्न साधा होता आणि प्रत्येकाचं उत्तर त्याहून खाली नेणारं होतं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघत होती. श्रीकांत फाटकात येऊन उभा राहिला होता. शकुनने मान खाली घातली. "दूर्वा," ती म्हणाली. "तुमच्या. परत परत उगवत होत्या."

मासिमा हळूहळू गाडीतून उतरल्या. वाटी त्यांनी रस्त्याकडेच्या नाल्यात उपडी केली, दूर्वाही टाकल्या. रुमालही टाकला. श्रीकांतकडे पाणी मागितलं. त्याने धावत जाऊन तांब्या आणला, आणि त्या रस्त्यावर उभ्या राहून खूप वेळ हात धूत राहिल्या. मग वाटी धुतली. शकुन बघत उभी होती. शिव्या दिल्या असत्या तर तिला हायसं वाटलं असतं.

"जुनं गवत काढलं ते कुठे टाकलंस?" मासिमांनी विचारलं.

"मागे. भिंतीपलीकडे."

"चल, दाखव."

मागच्या बाजूला एक अरुंद बोळ होता. तिथे गल्लीतले लोक कचरा टाकत. फुटलेल्या विटा, नारळाच्या करवंट्या, प्लास्टिकच्या पिशव्या, कोणाच्या तरी संडासाचं फुटकं भांडं. शकुन जूननंतर तिकडे फिरकली नव्हती. आता तिने पाहिलं आणि ती जागीच थांबली. मजुरांनी टाकलेला मातीचा ढीग तसाच होता, पण त्याची माती दिसतच नव्हती. वरपासून खालपर्यंत दूर्वा माजल्या होत्या, विटांवरून, पिशव्यांवरून, भांड्याच्या आतून. कोणी कापलं नव्हतं, कोणी पाणी घातलं नव्हतं, कोणी त्यांच्यासाठी व्हिडिओ बघितला नव्हता. ऊन त्या बोळात अजून आलं नव्हतं आणि पात्यापात्यावर दव होतं.

मासिमा करवंट्या पायाने सारत पुढे गेल्या. पांढऱ्या साडीचा काठ चिखलात लोळला. त्या ढिगाशी बसल्या आणि पहिली दूर्वा नखाने खुडली. कट असा बारीक आवाज आला. त्यांनी ती नाकाशी धरली, आणि इतका वेळ कोरडे असलेले त्यांचे डोळे भरून आले.

बोळाच्या तोंडाशी दोन-तीन माणसं येऊन थांबली होती. गुहांच्या घरची म्हातारी आपल्याच घरामागच्या उकिरड्यावर बसून भाईफोंट्याच्या दूर्वा वेचतेय, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि नवी मालकीण शेजारी उभी आहे हेही दिसत होतं.

"रुमाल नाही," मासिमा म्हणाल्या. "पदर स्वच्छ आहे तुझा?"

शकुनने पदराकडे पाहिलं. पहाटेपासून त्याच पदराला तिने हात पुसले होते, फवारा धरलेले हात. "नाही," ती म्हणाली.

मासिमांनी आपल्याच पदराचं टोक, चिखल न लागलेलं, दूर्वांवरून फिरवलं आणि वाटीत पिळलं. शकुनने वाटी धरायला हात पुढे केला, मग स्वतःच मागे घेतला. मासिमांनी ते पाहिलं. वाटी त्यांनी विटेवर ठेवली.

निघताना त्यांनी शकुनच्या खांद्याचा आधार घेतला, कारण दुसरं धरायला काही नव्हतं. गाडीपर्यंत दोघी तशाच गेल्या. आत बसल्यावर मासिमा म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस." आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "पुढच्या वर्षी जगले तर येईन. पण तुला उठवणार नाही. मागूनच घेऊन जाईन."

गाडी वळणाआड गेली. शकुन फाटकातून आत आली. चिखलाच्या पायांनी तिला हिरवळीवर पाऊल टाकवेना, म्हणून ती कडेकडेने, फरशीवरून चालत व्हरांड्यापर्यंत गेली आणि पायरीवर बसली. शिउलीखाली, खोचलेल्यांतल्या उरलेल्या दूर्वा उन्हात आडव्या पडायला लागल्या होत्या.

श्रीकांतला अजून निम्मंच कळलं होतं. तो शेजारी येऊन बसला. "मिळाल्या का शेवटी त्यांना?" त्याने विचारलं.

"मिळाल्या."

"कुठे?"

"आपण फेकल्या होत्या तिथे," शकुन म्हणाली, आणि मग अगदी पहिल्यापासून, जूनपासून, त्याला सांगायला लागली.